टोचणारा खिसा

रियाधच्या बत्हा बाजारातला आमचा शिंपी रत्नागिरीकडचा. ओठांत टाचण्या धरूनच बोलायचा, त्यामुळे कमी बोलायचा. एका सौदी गिऱ्हाइकाला तोबच्या, म्हणजे तिथल्या पायघोळ झग्याच्या, आत लहान रिव्हॉल्व्हरसाठी खिसा हवा होता, बाहेरून न दिसणारा आणि अंगाला न टोचणारा. त्याच्याकडे परवाना होता, पण शिंप्याने रिव्हॉल्व्हर कधी हातातसुद्धा धरलं नव्हतं. त्याने गावाहून आणलेला अडकित्ता काढला, स्वतःच्याच सदऱ्याला आतून खिसा लावला आणि त्यात तो घालून हिंडू लागला. आज कमरेला, उद्या पोटावर. वाकून बघायचा, मांडी घालून बघायचा, नमाजात सजद्याला गेला की कुठे रुततंय ते बघायचा. मी येता-जाता विचारायचो, "आज कुठे?"

एका सकाळी म्हणाला, "जागा मिळाली. काखेखाली. इतकी बेस, की काल अडकित्त्यासकट झोपलो."

"मग झालं की काम."

त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अरे, अंगावर आहे तेच विसरलो."

मग त्याने गिऱ्हाइकाच्या तोबला काखेखाली लावून ठेवलेल्या खिशाची शिवण उसवली आणि तो चार बोटं खाली, बरगडीवर घेतला.

"तिथे टोचेल त्याला," मी म्हणालो.

"टोचू दे जरासं," म्हणत त्याने टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.