दोघांवर लक्ष

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. कोरीवमामांची पटाशी 'लक्ष'मधल्या 'क्ष'च्या गाठीपाशी अडली होती, ती पुढे सरकेना. फळीवर पेन्सिलीने आखलेलं वाक्य होतं: 'आपण दूर असताना देव दोघांवर लक्ष ठेवो.' गिऱ्हाईक म्हणजे शाळेतल्या बाई; लग्नाचा वाढदिवस जवळ आलेला. "जावयाला दिलीत ना, अगदी तश्शीच हवी," असं त्या बजावून गेल्या होत्या.

दारावरच्या पाट्या कोरण्यात मामांची हयात गेली. बायबलमधली वचनं ते फळीच्या मापाने निवडत. फळीत मावेल ते वचन चांगलं. त्याच्या आधी काय, नंतर काय, हे बघत कोण बसतो? "आमच्या ह्यांचं बायबल हातभर लांब आणि वीतभर रुंद," अशी बायको थट्टा करायची. मामाही हसायचे.

काल संध्याकाळी ते हसू मावळलं. चर्चच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी अभ्यासवर्ग असतो. पाळकांची शिस्त एकच: वचन एकटं उचलायचं नाही. कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी बोलतंय ते आधी पाहायचं, आणि तेव्हाच्या माणसाला ते कसं ऐकू आलं असेल ते विचारायचं. काल पाटीवरच्या याच वचनाचा अध्याय निघाला, तेव्हा मामा फुशारून म्हणाले, "हे तर मी जावयाला लग्नात कोरून दिलंय!"

पाळकांनी बायबल त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "मामा, तुम्हीच वाचा. सुरुवातीपासून."

मामांनी वाचलं. जावई बायकामुलं आणि मेंढरं घेऊन न सांगता निघून जातो. सासरा पाठलाग करतो. माझ्या घरातले देव चोरलेस म्हणत तंबू अन् तंबू धुंडाळतो. हाती काही लागत नाही. जावई भडकतो. शेवटी दगडांची रास रचली जाते: ही हद्द. ही ओलांडून तू माझ्या अंगावर यायचं नाहीस, मी तुझ्या. आणि मी बघायला नसेन तेव्हा देव बघतोय, हे ध्यानात ठेव.

"तेव्हा हा आशीर्वाद नव्हे," पाळक म्हणाले. "एकमेकांवरचा विश्वास उडालेल्या दोन माणसांचा करार आहे."

"लक्ष दोन तऱ्हेचं असतं बाबा," वर्गाला येणारी बेकरीवाली आजी म्हणाली. "बाळाकडे ठेवतात ते, आणि चोरावर ठेवतात ते."

सगळे हसले. मामांचे कान तापले. त्यांनी 'कडे' कोरलं नव्हतं. 'वर' कोरलं होतं.

लग्नाच्या महिनाभर आधी मामांची गोल पटाशी हरवली होती. त्या दिवशी होणारा जावई दुकानात येऊन गेला होता. मामांनी चारचौघांत त्याला पिशवी उलटी करायला लावली. आत डबा आणि कामाचे कपडे. पटाशी दुसऱ्या दिवशी बाकाखालच्या ढलप्यांत सापडली. माफी मागायची राहून गेली. पाटी सुबक कोरून दिली म्हणजे फिट्टंफाट झाली, असं मामांनी आपलं आपणच ठरवून टाकलं.

पटाशी अशी अडलेली असतानाच लेक दारात आली. कामावर जाताना ती रोज डोकावते. जावई मात्र उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही.

"काय बाबा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

"पाटी दारावर का लावली नाहीस गं?"

ती पर्स चाचपत राहिली. "कपाटात आहे. कपड्यांखाली."

"त्याने तो अध्याय वाचलाय?"

"पाठ आहे त्यांना. लहानपणी त्यांच्या आजीने वाचून घेतलेला. पाटी बघून एवढंच म्हणाले, 'तुझ्या बाबांनी माझी पिशवी अजून बंद केलेली नाही.'"

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"इतकं मन लावून कोरलं होतंत. मला वाटलं, मुद्दामच दिलीत."

मामांनी मान खाली घातली. वचन कळलं नव्हतं म्हणावं, तर तो अडाणीपणा; एक वेळ चालला असता. पिशवीचं मात्र सगळं कळत असताना केलं होतं.

"संध्याकाळी येऊ घरी?"

"घरी नको. घरी ते चहा विचारतील, आणि तुम्ही चहा पिऊन परत याल." ती पायरी उतरली, मग वळली. "पिशवी चारचौघांत उघडली होती, बाबा."

मामांनी शाळेतल्या बाईंची फळी तोंड भिंतीकडे करून ठेवली. बाईंनाही सांगावं लागणार होतं, पण ते नंतर.

जावई बसडेपोत मेकॅनिक आहे. उद्या त्याची सकाळची पाळी. ती दोनला सुटते, सगळे कामगार एकदमच बाहेर पडतात, आणि डेपोला फाटक एकच आहे.