उजवा कौल

पेनांगला मी गेले ती लेकीच्या बाळंतपणाला. डिंकाचे लाडू, झबली, कुंच्या, सगळं गावाहून, आमच्या तळेघराहून बांधून नेलं होतं. आणि पोचल्यावर आठवडाभरात तिला दवाखान्यात ठेवायची पाळी आली. सातवा महिना, आणि अंगावर जायला लागलेलं. याआधी दोनदा असंच होऊन पोटातलं गेलं होतं. डॉक्टरीण इंग्रजीत सांगायची, जावई मला मराठीत सांगायचे, आणि मधलं काहीतरी गाळतात हे मला त्यांच्या तोंडावरून कळायचं.

एका सकाळी लेक म्हणाली, "आई, मागच्या टेकडीवर चिनी लोकांचं देऊळ आहे. आम्ही रविवारी तिथं फिरायला जायचो. तिथल्या देवीला विचारलं की सांगते म्हणतात. तू विचारून ये ना, राहतंय का म्हणून."

"आधी दोन घास खा, मग जाते," मी म्हणलं. कालपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"तू येईपर्यंत नाही खाणार."

हट्टी आहे, माझ्यावरच गेलीये. निघाले.

टेकडीला सगळीकडून सिमेंटच्या वाटा, बाजूला कठडे. माणसं बूट घालून मजेत फिरत होती. आमच्याकडं एसटी चुकली की डोंगर तुडवतच घरी जावं लागतं, तेव्हा चढाचं मला काही नव्हतं. पण ती बाग बघून माझं डोकं फिरलं. झुडपं कापून कुठं हत्ती केलेला, कुठं मोर. तळ्यात कासवं, त्यांना भाजी घालायला पोरांची झुंबड. माझी पोर खाली दवाखान्यात पडून आणि इथं जत्रा. कुणाचा काही दोष नव्हता, तरी मला सगळ्यांचा राग आला.

वर देवळात पांढरी देवी, मांडीवर मूल घेतलेली. ते मूल बघितलं आणि मला उभ्या उभ्या रडू फुटलं. "बाई," मी म्हणलं, "तुझी बोली मला येत न्हाई. माझ्या लेकीचं एवढं राहू दे. लई सोसलंय तिनं."

तिथल्या झाडलोट करणाऱ्या म्हातारीनं मला बसवलं आणि हातात दोन लाल लाकडं दिली. काजूच्या बीच्या आकाराची, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. खाली टाक, अशी खूण केली. म्हणजे कौलच की! आमच्या डोंगरावरच्या देवाला आम्ही फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी डोळे मिटून लाकडं टाकली. दोन्ही पालथी पडली, माझ्या उजव्या गुडघ्याशी. माझा जीव भांड्यात पडला.

म्हातारीनं नाही अशी मान हलवली. एक पालथं, एक उताणं ठेवून दाखवलं आणि हसली. असं पडलं तर हो. मी परत टाकली. दोन्ही उताणी पडून डुलायला लागली. म्हातारीनं देवीकडं बोट करून हसल्यासारखं केलं. देवी हसतेय म्हणे. हसायला काय झालं हिला? तिसऱ्यांदा टाकली. दोन्ही पालथी.

म्हातारीनं लाकडं उचलून ठेवली, माझा हात धरला, आणि देवीपुढचं एक संत्रं माझ्या ओच्यात घातलं. त्या वाटांनी खाली कशी आले, मला आठवत नाही.

लेक दाराकडंच बघत होती.

"उजवा दिला," मी म्हणलं. "अगदी माझ्या उजव्या गुडघ्याशी पडला बघ. खा आता."

ती माझ्याकडं बघत राहिली. त्या लाकडांची रीत तिनं तिथल्या रविवारांत कितीदा बघितली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आई," ती हळू म्हणाली, "इथं उजवं-डावं नसतं गं."

मी ओच्यातलं संत्रं काढून सोलायला घेतलं. तिनं पोटावरचा हात काढून माझ्यापुढं केला.

"एक पालथं, एक उताणं पडलं म्हण."

"पडलं," मी म्हणलं, आणि एक फोड तिच्या हातावर ठेवली.