आजीसाठी कापलेली वेणी

मंगळवारी सकाळी आई गेली. तेराव्यानंतर मी कामाला बसले. पनवेलला घरूनच मी मुलांच्या पुस्तकांची भाषांतरं करते.

टेबलावर लाकोटा लोकांवरचं पुस्तक होतं. हे अमेरिकेतल्या गवताळ मैदानांचे मूळ रहिवासी. त्यांची भाषा लहानपणापासून बोलत आलेले आता बहुतेक म्हातारेच उरलेत. गोष्टीतली मुलगी ही भाषा फक्त आजीशी बोलते. आजी जाते. मुलगी कात्री घेते आणि स्वतःची वेणी कापते.

भाषांतर पाठवलं. दोन दिवसांनी संपादकांचा फोन आला.

"मॅडम, वेणीचा पॅरा उडवा."

"का?"

"आपल्याकडे केशवपन आठवतं लोकांना. शाळा पुस्तक घेणार नाहीत."

"सर, गोष्ट तिथेच तर आहे."

"मग खाली टीप टाका. शुक्रवारी फाइल प्रेसला जातेय."

टीप म्हणजे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतला खुलासा. मुलं ती वाचत नाहीत. पण सरांची शंका तपासायला हवी होती. अशा वेळी मी मजकूर कोणाला तरी वाचून दाखवते आणि ऐकणारा कुठे अडतो ते पाहते. आजवर आई ऐकायची. या वेळी बेलपाड्याला मावशीकडे गेले.

मावशी सुकट निवडत ऐकत होती. वेणीपाशी तिचा हात थांबला.

"नवरा मेला काय गो तिचा?"

"लगीन कुटं झालंय! बारा वर्साची हाय. आजी गेली तिची."

"मंग लोकांनी लावली आसंल कापाला."

"नाय गो. त्यांच्यात जवळचं मानूस गेलं का कापतात. पुरुस पन."

"आसं लिवलंस कुटं तू?"

घरी येऊन मूळ पुस्तक उघडलं. वेणीच्या आधी एक वाक्य होतं. सकाळी मुलीच्या मामानेही आपले लांब केस कापले होते, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या भाषांतरात ते नव्हतं. भावाचं मुंडण नुकतंच पाहिलं होतं. पुरुषाने केस काढले यात मला वेगळं काही दिसलंच नाही आणि वाक्य नजरेतून निसटलं.

वाक्य जागेवर घातलं आणि मावशीला फोनवर पुन्हा वाचून दाखवलं.

"मामानं पन कापलं? मंग दुख हाय त्यांचं. वाच फुडं."

सरांना फोन केला. "पॅरा राहील. टीप नको. चूक माझी होती, एक वाक्य सुटलं होतं."

"आणि शाळांनी विचारलं तर?"

"आधीचं वाक्य वाचायला सांगा. पॅरा जाणार असेल तर माझं नावही काढा."

सर म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत फाइल द्या."

वाचक अडला की आधी मूळ पुस्तक उघडावं. खुलासा बऱ्याचदा लेखकाने केलेला असतो.

पुस्तक छापून आलं. वेणीचा पॅरा आहे. टीप नाही.