बाहेर न येणारा उजेड

पवईच्या संस्थेत मी पीएचडी करत होते. फुटलेल्या ताऱ्यातून प्रकाश बाहेर कसा पडतो, हा विषय. संध्याकाळी मुलुंडच्या चाळीत घरी पोचले की चपला काढायच्या आत आई विचारायची, "इलो काय गो तुझो उजेड भायर?"

नव्हता येत. तारा फुटला तरी त्यातला बराचसा प्रकाश आधी आतच अडकतो. दाट, तापलेल्या पदार्थात इलेक्ट्रॉनांवर आपटत उलटसुलट भटकतो. हे भटकणं मी संगणकावर मांडत होते. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचं खोकं. ते संगणक केंद्राच्या खिडकीत द्यायचं, उत्तर दुसऱ्या दिवशी. मधेच यंत्र एखादं कार्ड चावून ठेवी आणि दिवसाची वाट लागे. कधी नशिबाने सगळं नीट चाललंच, तर बाहेर पडलेल्या प्रकाशाच्या जागी कागदभर शून्यं!

मी मार्गदर्शकांना म्हटलं, "सर, तो पदार्थ प्रचंड वेगाने पसरतोय. आपण तो जागच्या जागी थांबलेला गोळा धरलाय. प्रकाश सुटणार कसा?"

"आधी स्थिर गोळा जमू दे. कार्डं तपास."

"तपासली, सर."

"मग परत तपास."

असे महिने गेले. शेवटी सर परिषदेला परगावी गेले, तेव्हा मी कुणाला न विचारता गोळा पसरू दिला. पसरेल तसा पदार्थ विरळ होत जातो, प्रकाशाची अडवणूक कमी होते, आणि एका टप्प्यावर तो भसाभसा बाहेर पडतो. कागदावरचे आकडे चढले, शिखराला पोचले, उतरले. स्फोट आधी, झगमगाट काही दिवसांनी. मी खिडकीपाशीच नाचायची बाकी होते.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मगे आता तरी येळेवर घराक येशीत?"

सर परतले. आलेख बराच वेळ पाहिला. गोळा का पसरवला, हे विचारलंसुद्धा नाही.

"प्रकाशाचे सगळे रंग एकसारखे धरलेस?"

"हो, सर."

"चालणार नाही. त्या पदार्थातले लोखंडाचे अणू काही रंग अडवतात, काही सोडतात. त्यात प्रत्येक थराचा वेग वेगळा, म्हणून अडणारा रंगही थरागणिक सरकतो. हे सगळं घालून पुन्हा कर."

त्यांचं बरोबर होतं, याचाच जास्त संताप आला. मी तडक कॅन्टीन गाठलं आणि एकटीने बटाटेवड्यांची अख्खी बशी संपवली.