दूध तुटायच्या आधी

शेळ्या राखणाऱ्या बायांच्या एका मेळाव्यासाठी आमच्या कळंबशेजारच्या वाशी तालुक्यातून दोघींची निवड झाली, माझी आणि माझ्या धाकट्या जावेची. मेळावा होता स्पेनमधल्या एका डोंगराळ गावात. सोबत दुभाषी म्हणून पुण्याची एक मुलगी होती. ती आम्हाला मावशी म्हणायची.

मेळावा संपला त्या दुपारी ती आम्हाला गावातल्या जुन्या खानावळीत घेऊन गेली. पाच-सहा टेबलं, भिंतीवर खडूनं लिहिलेली पाटी. आपल्याकडच्या राईस प्लेटसारखंच, ठरलेलं जेवण; फक्त सगळं एकदम वाढत नाहीत, एक संपलं की दुसरं आणतात. मालकीण सत्तरीची. रांधायची तीच, वाढायचीही तीच आणि घरच्या शेळ्याही तीच राखायची.

आधी पाव आणि शेळीच्या दुधाचं चीज आलं. मी दोनदा मागून घेतलं. मग पालक घालून शिजवलेले काबुली हरभरे. जावेनं पिशवीतून तिखटाची पुडी काढली. मी नुसतं बघितलं तशी परत ठेवली.

मग मटण आलं. ताटातली बरगडी करंगळीएवढीही जाड नव्हती. इतकी वर्षं करडं हाताखालून गेलीत, मला हाडावरून वय कळतं. तरी मी मुलीला विचारायला लावलं.

"चाळीस दिवसांचं करडू आहे म्हणतात," ती म्हणाली. "आईचं दूध पितंय तोवरच कापतात. म्हणून कोवळं लागतं."

मी ताट पुढं सरकवलं. "मला नको."

जाऊ माझ्या कानाशी आली. "आक्का, दुसऱ्याच्या दारात असं बरं दिसतं का? आपण बी बोकड इकतोच की."

"इकतो. न्हाय कोण म्हणतंय? पण दूध तुटल्यावर. पाला खाऊ दे, चार उड्या मारू दे, मग." मग मी मुलीकडं वळले. "हे असंच सांग त्यांना. गोड करून सांगू नको."

मुलीनं सांगितलं. मालकिणीचा चेहरा आवळला. तिनं माझं ताट उचललं आणि आत गेली. शेजारच्या टेबलावरची माणसं आमच्याकडं बघायला लागली. जाऊ मान खाली घालून जेवत राहिली. माझे कान तापले होते, पण बोललेलं मागं घ्यायचं माझ्या मनात नव्हतं.

थोड्या वेळानं मालकीण हरभऱ्याची वाटी घेऊन आली. ती माझ्यापुढं ठेवली, खुर्ची ओढली आणि समोरच बसली. ती बोलत गेली, मुलगी सांगत गेली.

"तुम्ही चीज दोनदा मागितलंत. करडूच दूध पीत राहिलं तर चीज कशाचं करू? इथं दुधाला गिऱ्हाईक आहे. मोठा बोकड कुणी घेत नाही."

आमच्याकडं उलटं आहे. शेळीचं दूध चहापुरतं, किंमत बोकडाला. म्हणून आमच्या करडाला आई मिळते. मी ज्याला माझी माया समजत होते, त्यात अर्धा बाजार होता.

"तुमचं खरंय," मी म्हणाले. "मी दूध विकत असते तर काय केलं असतं, मला सांगता येत न्हाय. पण आज मी हे खाणार न्हाय."

मग तिनं विचारलं, "तुमच्या शेळ्या एका वेळी किती पिल्लं देतात?"

"बहुतेक दोन."

तिचा विश्वास बसेना; तिच्या शेळ्या बहुतेक एकच देत. मग कास, चारा, पायाचे रोग, असं आमचं बोलणं निघालं ते खानावळ रिकामी झाली तरी चाललं. दुभाषी मुलगी थकली. जावेनं तेवढ्यात हरभऱ्यावर तिखट टाकून घेतलं आणि मालकिणीलाही चव दिली.

परत आल्यावर काही महिन्यांनी कळंबकडचा एक हॉटेलवाला आला. त्याला लग्नसराईसाठी दुधावरची करडं हवी होती, भावही चांगला देत होता. जावेच्या मनात द्यायचं होतं. मी नाही म्हणाले. जाऊ माझ्याशी चार दिवस नीट बोलली नाही.

तो माणूस पुन्हा आला नाही. करडं वाढली, दूध तुटलं, बाभळीचा पाला ओरबाडायला लागली. पुढं वेळ झाली तशी बाजारात नेऊन विकली.