पायरीवर उघडं पडलेलं खोटं

देवीवर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला धड सांगता येणार नाही. पण घाबरलो तेव्हा गेलो तिच्याच दारी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नौदलात टेस्ट पायलट होतो. नवं किंवा फेरबदल केलेलं हेलिकॉप्टर आधी आम्ही उडवायचं आणि त्यातला बारीकसारीक दोष लिहून द्यायचा, हे काम. यंत्राचे दोष मी बिनधास्त लिहायचो, स्वतःचा मात्र लपवला होता. दोन महिन्यांपासून मान झटकन वळवली की मला गरगरायचं. सांगितलं असतं तर उड्डाण बंद झालं असतं. पुढच्या आठवड्यात चाचणी होती आणि माझ्यासोबत आणखी दोघे बसणार होते.

रजेवर काल्हेरला घरी आलो, तर आईने वज्रेश्वरीचा बेत आधीच ठरवलेला. दर रजेला ती माझ्या नावाने देवीची ओटी भरायची. गाभाऱ्यासमोर मी एकच मागितलं, माझं उडणं काढून घेऊ नकोस. उतरताना आईने मागून हाक मारली, मी वळलो आणि सगळ्या पायऱ्या फिरल्या. मटकन खाली बसलो आणि आईला कळू नये म्हणून बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं.

शेजारी फुलं विकणारी म्हातारी हसली. "बाला, अनवानी पायाला कंची नाडी बांधतंस रं?" मग हळूच म्हणाली, "चक्कर आली न? आयेपासून कशाला लपवतंस? धर माझा हात."

बूट तर मी खालीच काढून ठेवले होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा हात धरून एकेक पायरी उतरलो आणि खाली पोचताच आईला सारं सांगून टाकलं. रडलोही. ड्युटीवर परतल्यावर आधी डॉक्टरांकडे गेलो.

कानाच्या आतला विकार निघाला. ती चाचणी दुसऱ्याने केली. पुढे गरगरणं बरंच कमी झालं, पण चाचणीचं उड्डाण कायमचं सुटलं. नव्वदच्या दशकात निवृत्त होईपर्यंत मी नव्या पायलटांना वर्गात शिकवत राहिलो. देवीवर बरीच वर्षं रुसूनही होतो. एकदा आईला म्हणालो, "तिने माझं कुठे ऐकलं?"

ती तांदूळ निवडत होती. "माझा आयकला न," ती म्हणाली. "मी कवा तुझा विमान मागला? तू घरा येवास, येवढाच मागला."

त्या चाचणीत माझ्यासोबत बसणार होते, त्या दोघांच्या आयाही तेच मागत असतील, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुचलं. आता देवीसमोर उभा राहिलो की मागायचं काही आठवत नाही. नुसते हात जोडतो.