साडूच्या फ्लॉप्या

जिंतूरच्या व्यंकटरावांनी घरात येऊन न बोलता अंग टाकलं, की त्यांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा, एकच प्रश्न असे, "आज कुणाचं काय बघून आलाव?" ताप आहे का, डोकं दुखतंय का, असलं त्या विचारत नसत. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं दुखणं कुठून येतं हे त्यांना पाठ झालं होतं.

व्यंकटराव तसे वाईट माणूस नव्हते. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, कामात चोख, पानतंबाखूपासून लांब. गल्लीत कुणाची मयत झाली तर सगळ्यात आधी हजर. मयतीला जाणं त्यांना कधी जड गेलं नाही. जड जायचं ते बारशाला जाणं. शेजारच्या लिंबाजीनं म्हैस घेतली तर यांना चार दिवस चहा गोड लागला नाही. थोरल्या भावाच्या शेतात बोअरला पाणी लागलं, तेव्हा पेढा तोंडात धरून बसले, गिळायचं नाव नाही. दुसऱ्याचं बघवत नाही, एवढाच काय तो दोष. पण तो अंगात असा मुरलेला, की वेगळा काढावा तर माणूसच शिल्लक राहिला नसता.

अशा माणसाच्या पदरात देवानं आयुष्यात एकदाच अशी वस्तू टाकली, जी आसपास दुसऱ्या कुणाकडे नव्हती. ती म्हणजे घरातला कंप्युटर. परभणीला जाऊन त्यांनी कंप्युटरचा कोर्स केला होता, आणि नांदेडच्या एका ऑफिसनं जुना संच काढून टाकला तेव्हा तो गोधडीत गुंडाळून घरी आणला होता. मधल्या खोलीत टेबल, टेबलावर कंप्युटर, त्यावर वच्छलाबाईंनी शिवलेलं फुलाफुलांचं झाकण. चपला बाहेर काढूनच आत यायचं. मशीन सुरू झालं, की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची आणि व्यंकटराव डॉसच्या आज्ञा स्तोत्र म्हटल्यासारख्या धडाधड ठोकायचे. बघणाऱ्याला काही कळायचं नाही, आणि खरी मजा त्यातच होती.

पालमचे सासरे किशनराव एकदा आले, तेव्हा जावयानं त्यांचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत उठवून दाखवलं. किशनरावांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण आपलं नाव दिव्यासारखं पेटलेलं बघून त्यांनी टोपी काढून परत घातली. तेव्हापासून पालमच्या पारावर, लग्नात, बाजारात ते म्हणू लागले, "आमचे थोरले जावई कंप्युटरवाले हायेत."

हे एक वाक्य म्हणजे व्यंकटरावांची आयुष्यभराची कमाई. जिनिंगच्या मालकानं कधी नावानं हाक मारली नव्हती, भावानं कधी सल्ला विचारला नव्हता. सगळी इज्जत त्या एका वाक्यात होती.

आणि त्यावर घाला घातला तो साडूनं.

साडू म्हणजे राधाकिशन. वच्छलाबाईंची धाकटी बहीण दैवशाला, तिचा नवरा. पूर्णेला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. अंगानं भरलेला, हसण्यानं भिंत हलेल असा, आणि कुणाचंही कौतुक करताना न दमणारा. व्यंकटरावांना तो पहिल्यापासून खपत नव्हता, कारण त्याच्यात नाव ठेवायला काही सापडत नव्हतं. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीच्या पावसाळ्यात सिकंदराबादच्या भावामार्फत त्यानं नवाकोरा कंप्युटर आणला. रंगीत. आणि त्यात डॉसच्या जोडीला विंडोज.

व्यंकटरावांना हे कळलं ते महालक्ष्म्यांच्या जेवणात, पालमला, भर पंगतीत. किशनराव नुकतेच पूर्णेहून आले होते आणि तोंडातला घास बाजूला सारून सांगत होते, "अहो, काय सांगू! एक डब्बी हाय, तिच्यावर नुस्ता हात ठिवायचा. काचंवर बाण पळायलाय! खिडक्या उघडायल्यात, बंद व्हायल्यात. म्या स्वता पत्ते खेळलो, या बोटांनी." मग थोरल्या जावयाकडे वळून त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "व्यंकटराव, तुमच्यात बाण न्हाई का हो?"

व्यंकटरावांनी पुरणपोळीचा घास परत ताटात ठेवला. "न्हाई मामा," व्यंकटराव म्हणाले, "आमचं जरा वेगळं असतंय."

"तुमच्यात सारखं टायपावं लागतं, न्हाई का? लय तरास," किशनराव म्हणाले आणि तूप मागितलं.

घरी आल्यावर वच्छलाबाईंना या वेळी विचारावंही लागलं नाही. व्यंकटरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं त्यांना आता बघवेनात. ज्या आज्ञा पाठ असल्याचा एवढा ताठा, त्या एका डब्बीनं पार निकालात काढल्या होत्या. दसऱ्याच्या आत आपल्या कंप्युटरवर बाण पळाला पाहिजे, आणि तो सासऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे, एवढंच डोक्यात बसलं.

पण विंडोज आणायची कुठून? नांदेडला विचारलं, परभणीला विचारलं. कुणी दिवाळीनंतर बघू म्हणालं, कुणी तुमचं मशीन फार जुनं आहे म्हणालं. शेवटी एकच दार उरलं, आणि ते पूर्णेला होतं.

जड पायांनी व्यंकटराव साडूच्या घरी गेले. इकडे काम होतं, सहज डोकावलो, असं म्हणून चहा घेतला. राधाकिशननं मात्र दाजी आले म्हणून घर डोक्यावर घेतलं. "दाजी, म्या तर तुमचं बघूनच हे घेतलं. मला कुठं येतंय काई?" हा टोमणा आहे असं व्यंकटरावांनी मनात धरलं. मग कसंबसं विंडोजचं काढलं, तर राधाकिशननं आढेवेढे न घेता, दाजींच्या जुन्या मशीनला चालतात तसल्या मोठ्या, लवणाऱ्या फ्लॉप्या शोधून काढल्या. रविवारची झोप सोडून एकेकीवर नवा डॉस आणि विंडोज उतरवून दिला. प्रत्येक फ्लॉपी कागदी पाकिटात घातली, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि सोबत बाण पळवायची एक जादा डब्बी, म्हणजे माउस, तोही दिला. त्याचं ते मनापासून देणं व्यंकटरावांना नकारापेक्षा जास्त लागलं. नाही म्हणाला असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "औरंगाबादहून मागवल्यात. खास." पालमलाही तसाच निरोप गेला, की औरंगाबादहून विंडोज आणलीय, दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवणार आहे, मामांनी यावंच. पूर्णेलाही आमंत्रण गेलं. साडूसमोर बाण पळाल्याशिवाय पळाल्याचं सुख कसलं?

वच्छलाबाईंना खरं काय ते ठाऊक होतं. बहिणीबहिणींत काय लपून राहतं! दैवशालाचा निरोप व्यंकटरावांच्या आधीच घरी येऊन पोचला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्यंकटरावांनी मशीनमधलं जुनं सगळं साफ पुसून टाकलं. नव्याला जागा लागणार होती हे खरं. पण पुसताना त्यांना जी मजा आली ती जागेची नव्हती. लाज वाटायला लागलेली वस्तू माणूस उकिरड्यावर टाकतो, तसं ते चाललं होतं. जुन्या डॉसच्या फ्लॉप्यांना तर पावसाळ्यात कधीच बुरशी धरली होती. आता परतीची वाट नव्हती, आणि परत कुणाला जायचं होतं?

दसऱ्याच्या सकाळी घरातली हत्यारं पुजायची. दरवर्षी पाटावर विळी, कोयता, पाना, पोरांची पुस्तकं मांडली जायची आणि कंप्युटरला बाहेरूनच एक कुंकवाचं बोट लागायचं. या वर्षी व्यंकटरावांनी फर्मावलं, "फ्लॉप्या बी मांड. सगळ्या, ओळीनं. मामा येतील तवा दिसल्या पायजेत किती हायेत त्या." आणि ते पाव्हण्यांना आणायला स्टँडवर गेले.

वच्छलाबाईंनी मनापासून पूजा मांडली. फ्लॉप्या कागदी पाकिटांत होत्या. पिशवीत घालून कुणी देवाला पुजतं का, म्हणून एकेक बाहेर काढली. काळ्या चौकोनाला मधोमध गोल भोक आणि खाली एक लांबट खिडकी, तिच्यातून आतली चकती चकचक करत होती. तोंड ते हेच असणार. त्यांनी प्रत्येकीच्या त्या खिडकीवर ओलं हळदीकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फुलानं पाणी शिंपडलं. मग पदरानं वरवर पुसून, कोऱ्या दिसाव्यात म्हणून पुन्हा पाकिटांत घालून, झेंडूच्या हारामागे रचून ठेवल्या.

पालमहून किशनराव आले, पूर्णेहून राधाकिशन आणि दैवशाला. लिंबाजीही म्हैस सोडून येऊन बसला. व्यंकटरावांनी नवीन टोपी घातली, हात जोडले आणि पहिली फ्लॉपी आत सरकवली.

मशीन गुरगुरलं. पडद्यावर एक ओळ आली, दुसरी आली. किशनराव पुढे सरकले. "बाण कवा येईल?"

"आत्ता येईल मामा. दम धरा."

मग आतून करकर असा आवाज सुरू झाला, खडा लागलेल्या जात्यासारखा. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, की फ्लॉपी वाचता येत नाही. व्यंकटरावांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा करकर. दुसरी फ्लॉपी घातली, तिसरी घातली. मशीन बंद करून सुरू केलं, तर आता पहिलीही चालेना. जुनं काल पुसलेलं, नवं येईना. एवढं मोठं यंत्र झेंडूचा हार घालून टेबलावर बसलेलं, आणि आत काही म्हणजे काहीच नाही. लिंबाजी खाकरला. व्यंकटरावांच्या कपाळावरचा घाम टोपीत मुरला.

राधाकिशन उठून जवळ आला. त्यानं फ्लॉपी बाहेर काढली, उजेडाकडे धरली आणि खिडकीवरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. ते व्यंकटरावांनी पाहिलं, वच्छलाबाईंनीही पाहिलं, आणि बाईंचं तोंड एकदम उतरलं. व्यंकटरावांचा संताप उसळून वर आला. बायकोवर खेकसायला त्यांनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात राधाकिशननं अंगठा रुमालात पुसला आणि मोठ्यानं म्हणाला, "चूक माझी हाय, दाजी. म्या दिलेल्या फ्लॉप्याच खराब निघाल्या."

वच्छलाबाई वाचल्या. पण व्यंकटराव मेले.

कारण किशनरावांनी कान टवकारले. "तुमी दिलेल्या? व्यंकटराव तर औरंगाबादहून आणल्या म्हनले व्हते."

राधाकिशननं दाजींच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी क्षणभर. जे समजायचं ते त्याला समजलं. आता हा हसणार, व्यंकटरावांच्या मनात आलं. मी असतो तर हसलो असतो.

राधाकिशन हसला खरा, पण सासऱ्यांकडे बघून. "औरंगाबादहूनच की, मामा. दाजींनी आणल्या अन् आधी मला वापरायला दिल्या. पूर्णेला तुमी जे बघितलं ते बी दाजींच्याच जिवावर. म्या येंधळ्यानं त्या खराब करून परत केल्या."

"म्हंजे तो बाण बी व्यंकटरावांचाच?"

"मग कुणाचा?"

किशनरावांनी मांडीवर थाप मारली. "बघा! म्या म्हनलोच व्हतो! अहो, आमचे थोरले जावई कंप्युटरवाले हायेत, त्यांच्याबिगर कुणाला जमतंय हे!" लिंबाजीनंही मान डोलावली.

व्यंकटरावांना नाही म्हणता आलं असतं. वेळ होता, सगळे त्यांच्याकडेच बघत होते. पण त्यांची मान आपोआप खाली-वर हलली. गेलेलं वाक्य परत मिळालं, वर साडूचा रंगीत कंप्युटरही त्यांच्या नावावर चढला. एवढं तर त्यांनी मागितलंही नव्हतं. आणि पोटात मात्र अशी आग पडली, जशी ना म्हशीनं पाडली होती, ना बोअरच्या पाण्यानं.

संध्याकाळी सोनं वाटताना राधाकिशननं आपट्याची पानं दाजींच्या हातात दिली आणि रीतीप्रमाणे पायावर वाकला. "सोनं घ्या, दाजी." व्यंकटरावांना पाय मागे घ्यावेसे वाटले. त्याच्या अंगठ्याच्या नखात कुंकू अजून तसंच होतं.

पुढच्या आठवड्यात राधाकिशन नव्या फ्लॉप्या घेऊन स्वतः आला, गुपचूप. आता विंडोज बसली. हिरवी अक्षरं गेली, खिडक्या उघडल्या, बाण पळाला. गल्ली लोटली. लिंबाजीनं पत्ते खेळून पाहिले. पालमला वर्दी गेली आणि पारावर ते वाक्य पुन्हा घुमू लागलं.

लोक गेल्यावर व्यंकटरावांनी कंप्युटरवर फुलाफुलांचं झाकण घातलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याची पाठ बघून थबकल्या.

"आता आनि कुणाचं काय बघून आलाव?"

"राधाकिशनला बघितलं."

"त्यांच्याकडं जे हाय ते आलं की सगळं आपल्याकडं. बाण बी आला."

चहावर साय धरली.

"न्हाई आलं," व्यंकटराव भिंतीकडेच बघत म्हणाले. "सगळं न्हाई आलं."